मिठाचा हात

रुचिराला हळद लागली त्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाला एकाच माणसाची काळजी होती, आणि ते माणूस नवरी नव्हतं. काळजी होती नवरीच्या बापाची. विठ्ठल आचारी उद्या मुलीच्या लग्नात पाटावर टिकून बसेल की नाही, याची.

बसायची त्याला सवयच नव्हती. जव्हार-मोखाड्यातली निम्मी लग्नं त्याच्या चुलीवर पार पडली होती. अमक्याच्या लग्नात वरण विठ्ठलशेठच्या हातचं होतं, असं लोक वर्षानुवर्षं सांगायचे; नवरा-नवरीची नावं विसरली तरी वरण विसरायचे नाहीत. पण एवढ्या लग्नांत त्याने स्वतः एक अक्षता टाकली असेल तर शपथ. मंगलाष्टकं त्याने ऐकली ती कनातीच्या पलीकडून, तळणीच्या आवाजात. मुलगा सौरभ जन्मला तेव्हा हा मोखाड्याला कुणाच्या साखरपुड्याच्या जिलब्या सोडत होता. आई गेल्याचा निरोपही चुलीपाशीच आला, आणि पंगत उठेपर्यंत त्याने झारा खाली ठेवला नाही. हे तो मोठ्या अभिमानाने सांगायचा. त्याची बायको प्रेमला त्या वेळी काहीतरी काम काढून आत निघून जायची.

आणि त्याच्या चुलीवर मिठाचा एक कायदा होता. भाजी कुणीही चिरावी, डाळ कुणीही शिजवावी, फोडणीसुद्धा हाताखालच्या नवसूने दिली तरी चालेल. मिठाला मात्र विठ्ठलशिवाय कुणी शिवायचं नाही. शिवाय देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय चव घ्यायची नाही, त्याने स्वतःनेही नाही. उकळत्या पातेल्यावर तो वाकायचा, डोळे मिटून वास घ्यायचा, मुठीने मीठ सोडायचा आणि पाठ फिरवायचा. आजवर चुकलं नव्हतं. त्यामुळे एका मुहूर्तावर दोन लग्नं आली की त्यातलं एक तो हात जोडून परत पाठवायचा. मी काय दोन आहे का, असं तो म्हणायचा आणि त्यात त्याला काय धन्यता वाटायची ती त्याची त्याला ठाऊक.

गेल्या वैशाखात त्याला कावीळ झाली आणि ती धन्यता घराला चांगलीच महागात पडली. घेतलेली लग्नं सोडावी लागली. नवसू आणि पोशेऱ्याहून कामाला येणाऱ्या बायका सकाळी ओट्यावर येऊन बसायचे, चहा प्यायचे आणि जीप धरून परत जायचे. पातेली तीच, माणसं तीच, लाकडं रचलेली. फक्त मिठाचा हात अंथरुणावर पडलेला. सौरभ तेव्हा नाशिकला एका मोठ्या केटरिंगवाल्याकडे कामाला होता. त्याने फोनवर सांगितलं की आमचे मालक कुटुंबाला घेऊन केरळला गेलेत आणि इकडे एका दिवसात तीन ठिकाणी जेवणं चाललीत. विठ्ठलने पडल्यापडल्या विचारलं, वरणाला चव आहे का त्यांच्या. सौरभने फोन ठेवला. पण दिवाळीला तो कायमचा घरी आला, ते हाच विषय डोक्यात घेऊन.

लग्न ठरल्यावर घरात बैठक बसली ती जेवण कुणी करायचं यावर. विठ्ठलने शांतपणे सांगितलं की स्वयंपाक मीच करणार, त्यात बोलायचं काही नाही. कन्यादानाला उमेश आणि त्याची बायको बसतील. उमेश म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, मोखाड्याच्या शाळेत मास्तर. त्याने चहाचा कप तोंडापाशी नेला होता, तो तसाच खाली ठेवला. विठ्ठलला मात्र यात वावगं काय ते कळत नव्हतं. आपल्या मुलीच्या लग्नात आपल्याच हातचं वरण असावं, यापेक्षा बापाने जास्त ते काय द्यायचं?

प्रेमला आजवर अशा बैठकांत बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"धंदा, धंदा म्हणता," ती म्हणाली. "तुमच्याकडे धंदा कुठाय? तुमच्याकडे हात आहे. तो दुखला की चूल बंद, तो गुंतला की पोरगी दुसऱ्याच्या मांडीवर. असला हात मला नको झालाय."

मग उमेशने धीर करून आपलं म्हणणं मांडलं. नाशिकहून केटरिंगवाला बोलवा, मी ओळखीने ठरवतो, सगळे मोकळे. दोघांची मोठी बहीण कमू लगेच उमेशच्या बाजूला गेली, कारण तिला त्या लोकांच्या टोप्या आणि हातमोजे फार आवडायचे. विठ्ठलच्या घरच्या लग्नात परक्याची चूल! हे ऐकून विठ्ठलचा चेहरा असा उतरला की कमूलाच वाईट वाटलं, आणि ती घटकाभरात बाजू बदलून विठूला करू दे म्हणायला लागली.

तेव्हा सौरभने तिसरंच काढलं. चूल आपलीच राहील, माणसं आपलीच राहतील, फक्त आप्पा मांडवात बसतील. मीठ पुष्पामावशी घालतील. पोशेऱ्याची पुष्पलता सौरभ चालायला लागला तेव्हापासून त्या चुलीवर होती. तिच्या पाड्यावरच्या लग्नांना तीच रांधायची आणि तिथे कुणी आळणी जेवत नव्हतं. सौरभ म्हणाला की मोखाड्याच्या बाजारपेठेतले कापडवाले ऋषिकेशशेठ बहिणीच्या लग्नाचं जेवण आपल्याला द्यायला तयार आहेत, पण त्याच मुहूर्तावर आपण जव्हारचं एक लग्न आधीच घेतलंय. रुचिराच्या लग्नाला ते जेवायला येणार आहेत. आप्पांशिवाय चूल चालते हे त्यांनी पाहिलं, तर मोखाड्याला आपली दुसरी चूल लागेल.

"आणि मी इथं राहीन," तो म्हणाला. "नाही जमलं तर उमेशकाकांनी भिवंडीच्या गोदामात बघितलेली नोकरी धरतो. आप्पा, दुकान असेल तर ते बापामागून मुलगा चालवतो. नुसता हात असेल तर तो कसा चालवायचा, सांगा ना."

रुचिरा इतका वेळ मेंदीच्या पुड्या निवडत बसली होती. लग्न माझं आहे, ती म्हणाली, मी दादाच्या बाजूने आहे. आणि आप्पा कन्यादानाला बसणार नसतील तर माझा पाट चुलीपाशीच मांडा. विठ्ठल बरं म्हणाला. पण त्याच्या तोंडून बरं आलं म्हणजे त्याच्या हातालाही ते कळलं, असं नव्हे.

लग्नाच्या दिवशी मांडव घराशेजारच्या मैदानात होता आणि त्याच्या मागे कनात लावून चुली. विठ्ठल सकाळपासून सोवळं नेसून उपाशीपोटी पाटावर. समोर होम, भटजींचे मंत्र, डोळ्यांत धूर. कान मात्र कनातीकडे. तेल तापलं, ते त्याला कळलं. डाळ घोटायला घेतली, तेही कळलं. फोडणीचा चर्र आवाज आला आणि त्याचा उजवा हात आपोआप मांडीवरून उचलला गेला, तेव्हा प्रेमलाने तो धरून पुन्हा मांडीवर ठेवला आणि भटजींनी सांगितलं म्हणून त्यावर पळीभर पाणी सोडलं.

सौरभने पहारा बसवला होता. पहारेकरी उमेशमास्तर. वर्गातली पोरं नुसत्या नजरेने गप्प करणारा उमेश मांडवाच्या खांबाला टेकून भावाकडे टक लावून होता. पण पाण्याचा टँकर रस्त्यात चुकीच्या बाजूला उभा राहिला, वऱ्हाडाची गाडी अडली आणि सगळ्यांनी मास्तरांना हाक मारली. आत रुचिरा मामाबरोबर गौरीहराला बसलेली. भटजी पान लावत होते. विठ्ठल उठला. हात धुऊन येतो, असं तो प्रेमलाला म्हणाला. ती विहिणीशी बोलत होती, तिने नुसतं हूं केलं.

कनातीआड त्याला कुणी पाहिलं नाही. नवसू माणसं घेऊन टँकरवर गेला होता. पुष्पलता चार बायकांना घेऊन पुऱ्या लाटत होती, तिची पाठ इकडे. कोपऱ्यातल्या चुलीवर वरणाचं मोठं पातेलं रटरटत होतं. विठ्ठल त्यावर वाकला, डोळे मिटले, वास घेतला. आळणी. त्याला पक्कं वाटलं, आळणी. नाकात सकाळपासून होमाचा धूर आणि वरून गुलाबपाण्याचा फवारा, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. चव तर घ्यायचीच नव्हती. एक नैवेद्याचा नेम आणि दुसरा आजचा उपास. बिचारी घाबरली असेल, पुढे झाली नसेल, असं त्याच्या मनात आलं, आणि खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. डब्यात हात गेला. एक मूठ, मग दुसरी, अंदाजाने वर थोडं. डावाने एकदा ढवळलं आणि तो परत येऊन पाटावर बसला. उमेश टँकर मार्गी लावून आला तेव्हा भाऊ जागच्या जागी, तोंडावर समाधान. उमेशला वाटलं, दादा अखेर रमला.

लग्न लागलं. अक्षता पडल्या, बँडवाल्याने कान बधिर केले, नवरदेव प्रांजलने हार घालताना रुचिराला मान वाकवायला लावायचा प्रयत्न केला आणि तिने वाकवली नाही. मांडवात पहिली पंगत बसली. ऋषिकेशशेठ त्या पंगतीत पहिल्याच ओळीत होते. इकडे कन्यादान सुरू झालं. विठ्ठलची ओंजळ, त्यावर प्रांजलची, त्यावर रुचिराची, आणि वरून प्रेमला झारीने पाण्याची धार धरते आहे. भटजी गोत्रं म्हणत होते.

नैवेद्य दाखवून झाला की पहिली चव घरातल्या वडीलधाऱ्या बाईने घ्यायची, हा त्यांच्याकडचा नेम. म्हणजे कमूने. कमू कनातीतून आली ती पदराने तोंड पुसत, तरातरा. विठ्ठलच्या कानाशी वाकली आणि हळू आवाजात म्हणाली की विठू, वरण तोंडात धरवत नाही, खारट आहे.

एका क्षणात सगळं विठ्ठलच्या डोक्यात लख्ख झालं. पुष्पलताने मीठ घातलं होतं. वेळेवर, बेताने, सांगितल्याप्रमाणे. आणि त्यावर त्याच्या दोन मुठी. त्याला उठायचं होतं, धावायचं होतं, पातेल्यात काय करता येईल ते त्याला ठाऊक होतं. पण ओंजळीत दोन लेकरांचे हात होते आणि धार अजून चालू होती. असा अडकून तो जन्मात कधी बसला नव्हता.

तेवढ्यात सौरभ आला. त्याचा चेहरा पाहवत नव्हता. पंगतीत भात वाढून झालाय, वरण थांबवलंय, असं तो उमेशकाकांना सांगत होता. उमेशने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मास्तर वाईट माणूस नव्हता, पण आपलं खरं झालं की त्याला गप्प बसवत नसे. तो म्हणाला की तुझा दोष नाही रे, ज्याचं काम त्यानेच करावं, बायाबापड्यांच्या हाती असं मोठं काम सोपवलं की हे व्हायचंच. भिवंडीला मी उद्याच कळवतो. सौरभने मान हलवली. पोराने मान हलवली आणि विठ्ठलला दिसलं की तो निघाला. अजून उभा होता, पण निघाला होता.

गप्प बसता आलं असतं. कुणी पाहिलं नव्हतं. उद्यापासून सगळे पुन्हा म्हणाले असते, शेवटी विठ्ठलशेठचाच हात हवा. हे त्याला अगदी स्वच्छ दिसत होतं, आणि दिसल्याची लाजही वाटली.

"उमेश, थांब," तो म्हणाला. भटजी मंत्राच्या मध्येच थांबले. "पुष्पलताचं मीठ बरोबर होतं. खारट मी केलंय. मघाशी जाऊन मी मीठ घातलं."

विहीणबाई बघायला लागल्या, व्याही बघायला लागले. प्रेमलाच्या हातातली धार वाकडी होऊन जावयाच्या मनगटावर पडली. विठ्ठल मान खाली घालून बसला. मग त्याला कळलं की आपल्या ओंजळीवरचे हात थरथरताहेत. रुचिरा हसत होती. डोळ्यांत पाणी, नाकात नथ, आणि मुंडावळ्यांच्या आड पोरगी हसू आवरत होती.

"आप्पा," ती म्हणाली, "हात हलवू नका. दादा बघेल."

सौरभ एकदा बापाकडे बघून कनातीकडे पळाला. विठ्ठलने डोळे मिटले आणि कान दिले. आधी काहीच नाही. मग पातेल्यावरचं झाकण सरकल्याचा आवाज, मग एका पातेल्यातून दुसऱ्यात काहीतरी दाट ओतल्याचा, पुन्हा ओतल्याचा, मग डावाचा घोळ, लाकूड आत सरकवल्याचा आवाज. त्याला समजेना. घोटलेली डाळ वेगळी आली कुठून? नंतर तूप तापल्याचा आवाज आला, जिरं तडतडलं, आणि थोड्याच वेळात वाढप्यांच्या बादल्या बाहेर पडल्या. वरण, वरण, वरण. पंगत जेवायला लागली. वाढपी परत परत कनातीत जात होते आणि भरलेल्या बादल्या घेऊन येत होते, यावरून वरण सुधारलं हे त्याने ओळखलं.

सगळे विधी उरकून तो चुलीपाशी गेला तेव्हा पुष्पलता परातीवर पाणी मारत होती. त्याने विचारलं की बिनमिठाची डाळ कुठून काढलीस. तिने रिकाम्या पातेल्याकडे बोट दाखवलं.

"येक पातेला मिठाशिवाय ठेवला होता बाजूला," ती म्हणाली. "शेठ, तुम्ही येनार ते मना ठावं होतं. पाठ करून बसलो होतो आम्ही. घालू द्या म्हटलं, शेठच्या जीवाला तेवढंच बरं. निवदाआधी चाखायचं नाय, म्हनून मिसळायची थांबलो होतो."

बायका पदरात तोंड घालून हसल्या. नवसू उगाच लाकडं नीट करायला लागला. विठ्ठलला राग यायला हवा होता. पण आला तो गहिवर, आणि तो लपवायला त्याने झाकण उचलून पातेल्याच्या तळाकडे बराच वेळ पाहिलं. ही माणसं त्याच्या हाताखाली राबत होती असं तो समजत होता. ती त्याला सांभाळून घेत होती.

बाहेर ऋषिकेशशेठ पान खात उभे होते. हात जोडून म्हणाले की शेठ, फसवू नका, मीठ तुमच्याच हातचं होतं, चव ओळखू येते. विठ्ठलच्या शेजारी सौरभ उभा होता.

"माझ्या हातचं होतं," विठ्ठल म्हणाला. "ते काढता काढता माझ्या माणसांच्या नाकी नऊ आले. तुमच्याकडे यायचं झालं तर मला लांब ठेवायची अट आधीच घाला."

शेठना वाटलं विठ्ठल थट्टा करतोय. सौरभने त्यांना बाजूला नेऊन सगळं सविस्तर सांगितलं, अगदी पातेल्यासकट. ऐकून ते मोठ्याने हसले, आणि जाताना सौरभला सांगून गेले की बुधवारी दुकानात ये, त्या मावशींना घेऊन ये, पदार्थ ठरवू.

शेवटची पंगत घरच्यांची. पळसाच्या पत्रावळी मांडल्या आणि विठ्ठल मांडी घालून बसला, शेजारी प्रेमला. लग्नाच्या मांडवात दोघं एका ओळीला जेवायला बसण्याची ही पहिलीच वेळ, आणि ते प्रेमलाच्या आधी विठ्ठलच्याच लक्षात आलं. वाढायला सौरभ होता. लिंबू आलं, चटणी आली, कोशिंबीर आली. पानाचा वरचा कोपरा रिकामाच.

मीठ राहिलं, विठ्ठल म्हणाला. आचाऱ्याची नजर, ती कुठे जाणार.

"राहिलं नाही," सौरभ म्हणाला. "पुष्पामावशींनी बजावलंय, शेठच्या हाताला आज मीठ लागू देऊ नका."

अख्खी पंगत हसली. उमेशला ठसका लागला, कमूने त्याच्या पाठीवर थापा मारल्या. प्रेमला हसली ती सर्वांत उशिरा आणि सर्वांत जास्त वेळ.

विठ्ठलने भातावर वरण घेतलं आणि दिवसाचा पहिला घास तोंडात घातला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. मीठ त्याच्या मुठीपेक्षा किंचित कमी होतं. त्यामुळे डाळीची चव पुढे येत होती, जी त्याने स्वतः कधी चाखलीच नव्हती, कारण त्याच्या हातचं वरण बसून खायला त्याला कधी वेळच झाला नव्हता. त्याने दुसरा घास घेतला, मग तिसरा.

"अजून वाढ," तो म्हणाला. सौरभने डाव भरून वाढला, तरी त्याने हात आडवा केला नाही. "आणि मोखाड्याला कुठल्या चुलीवर कोण जाणार, जव्हारला कोण राहणार, ते तू आणि पुष्पलता ठरवा. मला विचारू नका."

आणि तुम्ही कुठे असणार, असं सौरभने विचारलं. त्याच्या आवाजात अजून भीती होती.

"मी त्या दिवशी रुचिराकडे जाणार," विठ्ठल म्हणाला. "तुझ्या आईला घेऊन. दुपारचं जेवायला."

प्रेमलाने आपल्या पानातलं चिमूटभर मीठ उचललं आणि त्याच्या पानाच्या रिकाम्या कोपऱ्यात ठेवलं.